टेप कुठून धरली ते सांगा

आज डोकं फिरलंय. लिहिल्याशिवाय झोप लागणार नाही. मोठं होईल, वेळ असेल त्यांनीच वाचा.

आमच्या वस्तीवर आज पाहणी होती, दगडखाणीची. सहा महिन्यांत चार अर्ज, ग्रामसभेचे दोन ठराव आणि तालुक्याला एक अख्खा दिवस बाकड्यावर बसून काढला, तेव्हा कुठे आज जीप आली. जीपमधून साहेब उतरले, त्यांच्यासोबतचे दोघं उतरले आणि खाणवाल्याचा माणूसही उतरला. तोही त्याच जीपमधून! पाहणी ज्याची करायची, त्याच्याच माणसाला शेजारी बसवून आणायचं, आणि त्यात कुणाला काही वावगंही वाटू नये.

आबा (माझे सासरे, बऱ्याच जणांना माहीत आहेत) सकाळपासून तयारीत होते. धुतलेला सदरा घातला, अंगणात पाणी मारलं, शेजारून दोन खुर्च्या आणल्या. मग मला म्हणाले, "आतली खाट सरकव, साहेबांना भिंत नीट दिसली पायजे."

ती भिंत म्हणजे आमच्या मधल्या खोलीची. तिला छतापासून खिडकीच्या कोपऱ्यापर्यंत तडा गेलाय. आबांनी त्या तड्यावर आडव्या कागदाच्या पट्ट्या चिकटवल्यात. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानातून कापलेल्या, बोटाएवढ्या रुंद, कणकेची खळ करून डकवलेल्या. ज्या दिवशी डकवली त्या दिवसाची तारीख निळ्या पेन्सिलीनं एका टोकाला. भिंत हलून तडा रुंदावला की पट्टी मधोमध फाटते. मग दुसऱ्या टोकाला फाटल्याची तारीख लिहायची आणि तिच्याखाली नवी पट्टी. गेल्या आठवड्यापर्यंत सात पट्ट्या झाल्या होत्या. कुणी शिकवलं नाही त्यांना. रोजगार हमीच्या कामांवर मुकादम म्हणून उभं आयुष्य गेलं, बांधाला तडा गेला की असंच बघायचे म्हणाले.

तर साहेबांनी फोटो काढायला मोबाइल वर धरला, मग थांबले, आणि तिसरी पट्टी नखानं खरवडून ओढून काढली. "कागद कशाला चिकटवलेत हे? तडा नीट येत नाही फोटोत." पट्टीचा बोळा केला आणि खाली टाकला.

आबा काही बोलले नाहीत. वाकून तो बोळा उचलला, मांडीवर ठेवून तळव्यानं सपाट केला आणि बँकेच्या पासबुकात ठेवून दिला.

मला तेव्हाच बोलायला हवं होतं. मी नाही बोलले, चहा आणायला आत गेले. आता रात्री साडेदहाला इथं बोलतेय.

तडा बघून झाल्यावर निकाल काय, तर "जुनं बांधकाम आहे, तडे जायचेच." आणि अंतराचं विचारलं तर नकाशा उघडून, "गावठाणाच्या हद्दीपासून खाण 650 मीटर आहे. नियमात बसतंय."

गावठाणापासून! अहो, पण आम्ही गावठाणात राहतो कुठे? माणदेशात अर्धं गाव वस्त्यांवर असतं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. ज्याची विहीर जिथं, त्याचं घर तिथं. आमच्या वस्तीवर अकरा घरं आहेत. खाणीच्या कडेपासून आमच्या उंबऱ्यापर्यंत आबांनी पावलं मोजलीत, 190 भरली. म्हाताऱ्या माणसाची पावलं. दीडशे मीटरही होत नाहीत.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं 2020 साली सांगितलेलं अंतर आहे. सुरुंग लावून दगड काढणार असाल तर किमान 200 मीटर, सुरुंग नसेल तर 100. आणि हे अंतर धरायचं ते राहत्या घरांपासून, माणसांची वस्ती असलेल्या ठिकाणांपासून. मी हे साहेबांना म्हटलं. तेवढं मात्र म्हटलं मी. तर म्हणाले, "ताई, हे रेकॉर्डला शेत आहे."

सातबाऱ्यावर शेत आहे, खरंय. पण ग्रामपंचायतीच्या नमुना 8 ला (घरांच्या नोंदवहीत) हेच घर आहे, दरवर्षी घरपट्टी भरतो आम्ही. दारात विजेचं मीटर आहे. मतदार यादीत घर क्रमांक आहे. घरपट्टी घेताना घर, आणि अंतर मोजताना शेत, हे कुठल्या शाळेतलं गणित? मी स्वतः हायस्कूलला गणित शिकवते, मला तरी सुटत नाही.

नियोजनाच्या नकाशात आमचा सगळा पट्टा शेती विभागात. त्याच विभागात आमच्या चुलत दिरांना घर वाढवायचं होतं, दोन खोल्यांच्या परवानगीसाठी वर्षभर हेलपाटे घातले, शेवटी नाद सोडला. खाणीला मात्र शेती विभागातच अटी घालून परवानगी मिळते, आणि अटी कुणी पाळल्या हे बघायला जी जीप येते, तिच्यात कोण बसलेलं असतं ते वर लिहिलंच आहे.

आता काही जण लिहितीलच, म्हणून आधीच सांगते. खडी लागते, मान्य. रस्त्याला लागते, धरणाला लागते, आमच्या स्लॅबलाही लागली होती.

पण खडी काय असते हे आमच्या घराला कुणी शिकवू नये. 1972 च्या दुष्काळात आबा 17 वर्षांचे होते. आई आणि मोठ्या भावाबरोबर दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे. खायला सुकडी आणि ती लाल मिलो, म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी. बोटांना चिंध्या गुंडाळायच्या आणि हातोडा चालवायचा. दिवसभराच्या खडीचा चट्टा रचायचा, संध्याकाळी साहेब येऊन टेप लावणार, जेवढं माप तेवढा पगार. आबा सांगतात, एक जण टेप चट्ट्याच्या कडेला न लावता आत चार बोटं धरायचा. रोज चार बोटं. चारही बाजूंनी. आठवड्याला माणसामागं एक दिवसाची मजुरी तिथंच जायची, आणि आकडा बघावा तर बरोबर, कारण टेप काही खोटं बोलत नाही. आबांच्या आईला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण तिनं पोराला शिकवून ठेवलं, "टेप कुठनं धरली ती आदी बघायची. आकडा मग."

आज साहेब 650 म्हणाले तेव्हा मी आबांच्या तोंडाकडे बघत होते. नकाशाकडे नाही, साहेबांच्या बोटाकडे बघत होते ते. बोट गावठाणाच्या रेघेवर होतं.

(लेकीला झोपवून आले. आवाज झाला की अजून दचकते. पुढे लिहिते.)

ज्यांनी सुरुंगाचा बार जवळून अनुभवला नाही, त्यांना सांगते कसं असतं. दुपारी शिट्टी होते, लाल फडकं घेऊन एक पोरगा वाटेवर उभा राहतो. मग सगळं गप्प. आवाज नंतर येतो, आधी पायाखालून येतं. तळपायाला कळतं, मग फळीवरची भांडी एकमेकांना लागतात, आणि मग आवाज. म्हैस दावं ताणते. माझी लेक सव्वातीन वर्षांची आहे, ती शिट्टी ऐकली की कानांवर हात ठेवून आबांच्या खाटेखाली जाऊन बसते. आम्ही तिला सांगितलं नाही, तिचं तिनं ठरवलं. बार उडाला की आबा उठतात, चष्मा लावतात आणि भिंतीपाशी जाऊन पट्टी बघतात. फाटली असेल तर पेन्सिल. रोजचं झालंय हे.

नंतर तास-दीड तास धूळ. क्रशरवर पाणी मारायची अट आहे, पत्रे लावून बंदिस्त करायची अट आहे. पाण्याचा टँकर आज सकाळी पाहणीच्या आधी तासभर फिरवला. सहा महिन्यांत पहिल्यांदा. डाळिंबाच्या पानावर बोट फिरवलं की रेघ उमटते, फुलगळ झाली ती वेगळीच. कृषीवाल्यांनी सांगितलं, पानं धुऊन घ्या. पाणी कुठलं आणू धुवायला? आम्ही माणदेशात राहतो हो.

आणि ही खाण ज्या डोंगरात आहे तो डोंगर कुठला, तर तोच. 2018 च्या उन्हाळ्यात वॉटर कपला (गावांच्या पाणी अडवायच्या स्पर्धेला) आम्ही सगळ्या गावानं 45 दिवस ज्या डोंगरावर श्रमदान केलं तोच. पहाटे पाचला टिकाव-फावडी घेऊन निघायचो. लग्न होऊन मला वर्षच झालं होतं, हाताला फोड आले तर सासूबाईंनी हळद-तेल लावलं होतं. समतल चर खोदले, दगडी बांध घातले. पुढच्या पावसाळ्यात विहिरीला पाणी चढलं तेव्हा आबांनी नारळ फोडला. त्या चरांतले खालचे चर आता पोकलेननं ओरबाडून काढलेत. या मित्रयादीतले निदान वीस जण त्या चरात उभे राहून फोटो काढून गेलेत. काढा ते फोटो, बघा पुन्हा एकदा.

खाणीच्या जमिनीचा गट ज्याचा आहे त्यानं तो कर्जापायी दिला, हेही मला माहीत आहे. त्याच्याशी माझं भांडण नाही. आमच्याच वस्तीवरची दोन पोरं खडीच्या हायवा डंपरवर ड्रायव्हर आहेत, त्यांच्या घरी पगार येतो. येऊ दे.

पण गावच्या ग्रुपवर आज संध्याकाळी एकानं आम्हाला "विकासाला आडवी येणारी माणसं" म्हटलं, ते मात्र मी सोडणार नाही. त्या ग्रुपवर उत्तर दिलं नाही, इथं देते. कुणाचा विकास रे? ब्रासमागे (शंभर घनफुटांमागे) 600 रुपये स्वामित्वधन, म्हणजे रॉयल्टी, सरकारला भरलं की झालं? आणि ते तरी किती ब्रासचं भरलं जातं? रात्री अकरानंतर ज्या गाड्या जातात त्यांच्या पावत्या कुणी बघितल्यात? जमीन महसूल संहितेच्या कलम 48 मध्ये बेकायदा उत्खननाला बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड लिहिलाय. लिहिलाय! सुप्रीम कोर्टानं 2012 साली सांगितलं, पाच हेक्टरहून लहान खाणींनाही पर्यावरण मंजुरी पाहिजे. तेही लिहिलेलंच आहे. अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे आदिवासी भागात, पेसा कायद्यामुळं दगड-वाळूसारख्या गौण खनिजाला ग्रामसभेची शिफारस तरी लागते. आमच्या ग्रामसभेनं दोनदा हात वर करून नको म्हटलं, त्या ठरावांचं काय झालं विचारलं तर "पत्र मिळालं" एवढंच. पोच दिली, संपलं.

मी जरा पाणी पिऊन आले.

एक गोष्ट लिहायची राहिली, आणि ती लिहिली नाही तर माझंही माप खोटं ठरेल. खाणीच्या अगदी कडेला पत्र्याच्या तीन खोपी आहेत, क्रशरवर काम करणाऱ्यांच्या. बाहेरून आलेली माणसं. त्यातली एक बाई आमच्याकडे हापशाचं पाणी न्यायला येते, कडेवर वर्षाचं बाळ. बाळाच्या भुवया पांढऱ्या असतात धुळीनं, ती ओल्या पदरानं पुसते आणि मगच हंडा डोक्यावर घेते. पहिल्या दिवशी मला वाटलं होतं, खाणीची माणसं, यांना कशाला पाणी द्यायचं. मनात आलं होतं, खोटं कशाला बोलू. आबांनीच तिला हाक मारून बोलावलं. नंतर म्हणाले, "मी फोडलीया खडी. तिचा काय गुन्हा?" आमचं घर निदान नमुना 8 ला तरी आहे. तिची खोप तर कुठल्याच कागदावर नाही, आणि सुरुंगाच्या बारापासून ती आमच्याहून जवळ राहते.

आज साहेब गेल्यावर मी आबांना म्हटलं, जाऊ द्या, पुढच्या वेळी बघू. ते भिंतीपाशी उभे होते. पट्टी ओढली तिथला रंगाचा पोपडाही निघालाय, मागे पांढरा चौकोन राहिलाय. मला वाटलं, आता नवीन पट्टी कापायला कात्री मागतील. नाही मागितली. म्हणाले, "आपल्याकडं लांब टेप हाय का?"

घरात शिंप्याची टेप आहे आणि पाच मीटरची एक लोखंडी. चालायची नाही.

म्हणून ही पोस्ट. आपल्यापैकी कुणाकडे 50 किंवा 100 मीटरची मोजणीची टेप असेल, कुणी बांधकामात असेल, सर्वेक्षणाचं काम करत असेल, तर मला मेसेज करा. रविवारी सकाळी सातला आम्ही मोजणार आहोत. आबा एक टोक आमच्या उंबऱ्यावर धरणार, दुसरं टोक मी खाणीच्या कडेला. मग उरलेल्या दहा घरांपासून, प्रत्येकाचं टोक त्या-त्या घरच्या माणसानं धरायचं. तीन खोपींपासूनही मोजू, त्या बाईला मी विचारलंय, ती हो म्हणाली. व्हिडिओ काढायला दोघं-तिघं हवेत. जमल्यास लवकर या. बार दुपारचा असतो, त्याच्या आत उरकायचं आहे. चहा-नाष्टा आमच्याकडे.

ती बोळा केलेली पट्टीही तेव्हा दाखवते. पासबुकात आहे. 3 तारखेला डकवली, 9 तारखेला फाटली, दोन्ही तारखा वाचता येतात अजून.