मोदकातलं चॉकलेट, आमटीतला रुबार्ब

गणपती तोंडावर आले की फोनवरच्या आमच्या गटांमध्ये चॉकलेट मोदकांवरून जुंपते. एक बाजू म्हणते, सगळ्याची वाट लावली. दुसरी म्हणते, मिरची-बटाटाही परदेशीच, मग आत्ताच का ओरडता? जर्मनीतल्या एका लहान गावात रोजचा स्वयंपाक करताना मला दोन्ही बाजू अर्धवट वाटतात.

दुसरीचा मुद्दा खरा आहे, हे आधी मान्य करू. साबुदाण्याची खिचडी घ्या. ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो तो कसावा, शेंगदाणा, बटाटा आणि मिरची हे चौघेही मूळचे अमेरिका खंडातले. तरी उपासाला खिचडी चालते आणि कांदा चालत नाही! पण मिरची काही नवी होती म्हणून टिकली नाही. तिखटपणाचं जे काम मिरी करायची, ते मिरचीने परसात उगवून केलं, शिवाय वाळवली की ती वर्षभर पुरली. चॉकलेट मोदकात काय करतं? ते अंगाच्या उबेलाही वितळतं, त्यामुळे उकडीच्या पारीत भरून वाफवलं की गूळ-खोबऱ्याच्या सारणासारखं धरून राहत नाही, पातळ होतं. म्हणून बहुतेक जण ते साच्यात ओतून गार करतात. ती मोदकाच्या आकाराची चॉकलेटं झाली. खुशाल खा, पण त्याला प्रयोग म्हणायला माझी जीभ वळत नाही.

इथे माझ्यावर प्रयोगाची वेळ हौसेने नाही, अडचणीने येते. जवळ आशियाई दुकान नाही. चिंच संपली की वसंतात बाजारात रुबार्ब या आंबट भाजीच्या लालसर-हिरव्या दांड्या दिसतात. जर्मन लोक त्याचा केक नाहीतर मुरंब्यासारखं गोड करतात. मी आमटीत घालते. त्याचा आंबटपणा चिंचेपेक्षा बोचरा, म्हणून गूळ जरा सढळ हाताने. डाळ शिजल्यावरच घालायचा, कारण आंबटामुळे डाळ लवकर मऊ होत नाही. चिंचेच्या बाबतीतही हेच करतो आपण. दांड्या विरघळून जातात, रंग मात्र चिंचेसारखा गडद येत नाही. पानं फेकायची, ती विषारी असतात. दांड्यांतही ऑक्झॅलिक आम्ल असतंच, तेव्हा मूतखड्याचा त्रास असलेल्यांनी जपून.

डाळीत रुबार्ब म्हटल्यावर जर्मन शेजारीण जे तोंड करते, ते आपल्याकडच्या काकवांना चीज पुरणपोळी पाहून करावं लागतं तसंच. शुद्धतेचं वेड काही आपल्यापुरतं नाही. जर्मनीतल्या बव्हेरियात १५१६ साली बिअरमध्ये जव, हॉप्स (कडवटपणा देणारी फुलं) आणि पाणी एवढंच घालावं असा हुकूम निघाला. त्या यादीत आंबवणाऱ्या यीस्टचा पत्ताच नाही, ज्याच्याशिवाय बिअर होतच नाही! पुढे गव्हाची बिअरही खास परवानगीने चाललीच. यादी करणाऱ्याला पदार्थात कोण काय काम करतं हे ठाऊक नसलं की असं होतं.

अळू इथे मिळत नाही, म्हणून वड्या मांगोल्ड (स्विस चार्ड) या पालेभाजीच्या रुंद पानांच्या करते. अळूत घसा खाजवणारे सुईसारखे स्फटिक असतात, त्यावर उपाय म्हणून चिंच लागते. मांगोल्ड खाजत नाही, म्हणजे आंबटाची सक्तीच उरत नाही. पण आंबटाशिवाय नुसतं बेसन-पान खाऊन पाहा, पिठूळ लागतं. तेव्हा पिठात आंबट आणि गूळ मी घालतेच, फक्त चिंचेऐवजी लिंबाचा रस. पानाचे देठ जाड, पाणीही जास्त सुटतं, म्हणून देठ लाटण्याने चेचून पीठ घट्ट भिजवायचं. ‘ही काही अळूवडी नाही’ असं गटातलं कोणी म्हणेल, आणि ते बरोबरच आहे. मीही तिला मांगोल्डवडीच म्हणते.