गावाला बोअर देताय? मग दुरुस्तीचे पण पैसे द्या

मंडळी, एप्रिल लागला की माझ्या फोनवर एकाच प्रकारचे फोटो यायला लागतात. नवाकोरा हापसा, त्याला झेंडूचा हार, फोडलेला नारळ आणि मागे दात्याच्या आईवडलांच्या नावाची पाटी. खाली आवाहन, की अमुक गावाची तहान भागवायला मदत करा. आधीच सांगतो, मी पैसे देणाऱ्यांच्या बाजूचा माणूस आहे. आईच्या नावाने कुणाच्या तरी घरात पाणी जावं असं वाटणं ही फार मोठी गोष्ट आहे आणि ज्यांना तसं वाटतं त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण हापसा बसवायला पैसे देताय ना, तर तो पुढची दहा वर्षं चालता ठेवायचे पैसे पण त्याच दिवशी बाजूला काढा. नुसता बोअर मारून संस्था निघून गेली तर पाटी राहते आणि पाणी जातं.

ही गोष्ट आपल्या लोकांनी तर सगळ्यात आधी समजून घ्यायला पाहिजे, कारण युगांडात, सुदानमध्ये, कुठल्याही आडगावात तुम्ही हातपंप बघितला तर तो बऱ्याचदा इंडिया मार्क टू नावाचा पंप असतो किंवा त्याचाच भाऊ असतो आणि त्याचं मूळ आहे आपल्या जालन्यात आणि सोलापुरात. साठच्या दशकात दुष्काळ पडले, बिहारमध्ये 1966-67 ला तर हाहाकार झाला, तेव्हा परदेशी मदत धान्याबरोबर पाण्याकडे पण वळली. आपल्याकडे खाली सगळा काळा पाषाण, विहीर खणायची तर सुरुंग लावून महिनेच्या महिने जायचे. जालन्यात चर्चच्या मिशनचे लोक होते, त्यांनी कॉम्प्रेशरवर चालणारी बोअरची मशीन आणली आणि तो पाषाण दिवसा-दोन दिवसात फोडायला लागले. पाणी लागलं, लोक खूश, वरती पंप बसवले आणि खरा त्रास तिथून पुढे सुरू झाला.

कारण ते पंप बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे होते. युरोप-अमेरिकेत एखाद्या शेतकऱ्याच्या अंगणात एका कुटुंबापुरता पंप असतो ना, त्याच्या नकला. आपल्याकडे त्या एका पंपावर पहाटे चारपासून अख्खा गाव, बायका, पोरं, म्हातारी माणसं, दिवसभर हापसतायत, एक मिनिट उसंत नाही. तो बिडाचा दांडा किती दिवस टिकणार? युनिसेफने 1974 च्या सुमारास पाहणी केली तर चारातले तीन पंप बंद सापडले. म्हणजे पैसा आला, मशीन आली, पाणी लागलं, फोटोही निघाले असतील आणि बाई परत हंडा घेऊन ओढ्यातल्या झिऱ्यावर.

मला ह्या सगळ्यातला सर्वात आवडणारा भाग पुढचा आहे. जालन्याच्या लोकांनी बिडाचा नाद सोडून पोलादी पंप केला, सोलापुरात तो अजून सुधारला, दांड्याला चेन लावली, बॉडी भक्कम केली. युनिसेफने तो सोलापूर पंप आधाराला घेतला, मद्रासच्या रिचर्डसन अँड क्रुडास कंपनीने बनवायला घेतला, कोइमतूर भागात तपासून झाला आणि सत्तरचं दशक संपता संपता इंडिया मार्क टू तयार. पेटंट कुणीच घेतलं नाही. ज्याला बनवायचाय त्याने बनवावा, फक्त दर्जा ठरल्याप्रमाणे पाहिजे. नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत जगभर साधारण 50 लाख पंप बनले. माझ्या मते विसाव्या शतकातल्या मोठ्या दानांपैकी हे एक दान आहे आणि त्यावर कुणाच्याच नावाची पाटी नाही.

पण तो पंपही बिघडतोच, कुठलाही बिघडतो. ज्यांनी कधी बघितलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. हापसा जड झाला नाही, उलट हलका झाला आणि पंधरा-वीस वेळा हापसलं तरी तोटीला नुसता फुसका आवाज येतो, तेव्हा समजायचं वायसर गेलं. हे वायसर म्हणजे खाली सिलिंडरमध्ये पिस्टनला असलेली छोटीशी चकती, आधी चामड्याची असायची, आता रबराची. वस्तू किरकोळ किमतीची. पण ती आहे शंभर फूट खाली. म्हणजे वरचं झाकण खोला, चेन सोडवा, तिकटी (पाइप ओढायची तीन पायांची घोडी) उभी करा, मग क्लॅम्प लावून एकेक पाइप वर ओढा, सोडवा, बाजूला ठेवा, परत पुढचा, पाण्याने भरलेले लोखंडी पाइप, चार-सहा माणसं लागतात आणि एक जरी पाइप हातातून निसटून खाली गेला तर बोअरच गेला. एका चकतीसाठी एवढा खटाटोप. म्हणून पुढे मार्क थ्री काढला, त्यात पाइप रुंद ठेवला म्हणजे पाइप न काढता आतला पिस्टन नुसत्या रॉडबरोबर वर येतो. तोही महाग आणि वजनाला जड, पण त्यामागचा विचार बरोबर होता की गावच्या माणसाला गावातच दुरुस्ती करता आली पाहिजे.

आता कुठल्या देणगीच्या पावतीवर वायसर लिहिलेलं असतं सांगा? तिकटी, पाना-पक्कड, मिस्त्रीची मजुरी, पाच वर्षांनी बदलायचे पाइप? ह्यातल्या कशाचाही फोटो चांगला येत नाही. आफ्रिकेतल्या वीस देशांची आकडेवारी 2009 मध्ये एकत्र केली तेव्हा साधारण 36 टक्के हातपंप बंद निघाले. आणि दक्षिण आफ्रिकेतल्या त्या प्लेपंपचं आठवा, मुलं चक्रावर खेळणार आणि खेळता खेळता पाणी वर चढणार. कल्पना एवढी गोड की 2006 मध्ये अमेरिकेतून कोट्यवधी डॉलर जाहीर झाले, 2010 पर्यंत चार हजार पंपांचं टार्गेट ठरलं. पुढे कुणीतरी हिशोब केला तर सांगितलेलं पाणी भरायला मुलांना दिवसाचे 27 तास खेळावं लागलं असतं. प्रत्यक्षात ते जड चाक बायकाच ढकलत होत्या. हंडा ज्यांच्या डोक्यावर आहे त्यांना आधी कुणी विचारलंच नाही, राग त्याचा येतो.

ज्यांनी विचारलं तिथे काय झालं तेही बघा. उत्तर प्रदेशात बांदा जिल्ह्यात महिला समाख्या ह्या बायकांच्या शिक्षणाच्या सरकारी कार्यक्रमाने गावातल्या, बऱ्याचशा दलित आणि निरक्षर बायकांना हातपंप मेकॅनिक बनवलं. पाने घेऊन बायका गावोगाव जाऊन पंप खोलायला लागल्या. ह्यात शोध काही नाही, साधी गोष्ट आहे. पंप बंद पडला की ज्याची कंबर मोडते त्याच्याच हातात पाना दिला तर पंप बंद राहत नाही.

दुसरी गोष्ट, पाणी लागलं म्हणजे ते पिण्यालायक असेलच असं नाही. बांगलादेशात सत्तरच्या दशकापासून तळ्यातलं घाण पाणी पिऊन पोरं जुलाबाने मरू नयेत म्हणून युनिसेफ, सरकार आणि इतर संस्थांनी कूपनलिकांचा सपाटा लावला, पुढे लोकांनी स्वतःच्या खर्चाने लाखो पाडल्या. हेतू शंभर टक्के चांगला. पण खालच्या पाण्यात आर्सेनिक नावाचं विष होतं, त्याची तपासणीच तेव्हा होत नव्हती आणि 1993 मध्ये कळेपर्यंत लोक ते वर्षानुवर्षं पीत होते. आपल्याकडे यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही भागात फ्लोराइडचा त्रास आहे. पाणी दिसायला काचेसारखं, पण पोरांचे दात पिवळे-तपकिरी पडतात आणि मोठेपणी हाडं आखडतात. भूजल सर्वेक्षणवाल्यांच्या प्रयोगशाळेत बाटली नेऊन दिली की रिपोर्ट मिळतो. तो रिपोर्ट हातात यायच्या आधी नारळ फोडू नका, कळकळीने सांगतोय.

काहीजण म्हणतील मग तातडीची मदत पण देऊ नये का. द्यायचीच! लातूरला 2016 मध्ये टाक्यांभोवती जमावबंदी लावायची वेळ आली होती, तेव्हा मिरजेहून पाण्याची रेल्वे गेली, पहिल्या खेपेला पाच लाख लिटर, आणि त्या दिवसात शेकडो किलोमीटरवरून पाणी कशाला आणता असं विचारणाऱ्याला तहान कळलेली नाही. टँकर देणारे, छावणीत पाणी भरणारे, सगळ्यांना माझा नमस्कार. त्याच वर्षी पाणी फाउंडेशनचं श्रमदान पण सुरू झालं, वरूड, कोरेगाव, अंबाजोगाई तीन तालुक्यात, आणि तिथे लोकांच्या हातात आधी ट्रेनिंग दिलं, टिकाव-फावडं नंतर. मला तो क्रम पटतो.

तर ज्यांना यंदा पैसे द्यायचेत त्यांनी संस्थेला एवढं विचारा. हा हापसा पंचायत समितीच्या दुरुस्तीच्या यादीत चढवणार का, ग्रामपंचायत त्याची वर्गणी भरणार का, की तुमचा हापसा कुणाच्याच कागदावर नसणार? गावातल्या कोणत्या दोघी-तिघींना शिकवणार? तपासणीचा रिपोर्ट कुठाय? आणि शेजारच्या शेतात कुणी पाचशे फुटांचा बोअर मारतोय का? पिण्याच्या सार्वजनिक पाण्यापासून 500 मीटरच्या आत नवीन विहीर-बोअर घेता येत नाही असा आपल्याकडे कायदा आहे, पण तो पाळायला गावाने ठराव करून पाठीमागे लागावं लागतं, हे कुणी करणार आहे का?

आमच्या ग्रुपचं यंदा ठरलंय की नवीन बोअरला पैसे द्यायचे नाहीत. तालुक्यातले बंद हापसे आधी मोजायचे, जे वायसर आणि पाइपवर भागतील ते चालू करायचे, पाणी तपासायचं आणि उरलेले पैसे गावातल्या बचत गटाकडे फक्त दुरुस्तीसाठी ठेवायचे. जुनी तिकटी, क्लॅम्प, पाइपपाने कुणाच्या गोडाऊनला पडून असतील तर नक्की कळवा, आणि हापसा दुरुस्तीचं काम येणारे जुने मिस्त्री माहीत असतील तर त्यांना विचारून त्यांचा नंबर इनबॉक्सला पाठवा. शिकवायला माणूस पाहिजे, मजुरी देणार आहोत.