कमरेला टेप

दरवर्षी ऑफिसच्या आरोग्य तपासणीत एक नर्स माझ्या बेंबीवरून टेप फिरवते आणि आकडा मोठ्याने सांगते. जपानमध्ये २००८ पासून ४० ते ७४ वयाच्या लोकांना हे चुकत नाही. पुरुषाची कंबर ८५ सेंटिमीटर किंवा त्याच्या वर गेली आणि सोबत साखर, रक्तदाब असलं काही वाढलेलं निघालं, की सल्ला द्यायला माणूस मागे लागतो. गेल्या वर्षी माझी ८७ भरली. दंड नसतो, पण शेजारच्या पडद्यामागच्या सहकाऱ्याला आकडा ऐकू जातो, तेवढं पुरतं.

तो आकडा मी घरच्या ग्रुपवर टाकला आणि सोलापुरात पुन्हा जुनं भांडण पेटलं. दीक्षित की दिवेकर? डॉ. जगन्नाथ दीक्षित म्हणतात, दिवसातून दोनदाच जेवा आणि प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत आटपा. ऋजुता दिवेकर म्हणतात, उपाशी राहू नका, दर दोन तासांनी थोडं थोडं खा. आमच्याकडे दादा दीक्षितांचा, वहिनी दिवेकरांची, आणि आई दोघांसाठी स्वयंपाक करून दमलेली. दीक्षितांच्या सांगण्यात ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालणंही आहे, पण ते मात्र ग्रुपवर कुणी फॉरवर्ड करत नाही!

माझी अडचण इथेच आहे. किती वेळा खायचं यावर आपण वर्षानुवर्षं भांडतो. बाकीचा दिवस कसा जातो, याकडे बघायला कुणाला सवड नाही.

जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला घरी आलो होतो. टोकियोत मी व्यायाम असा करत नाही, तरी फोनमध्ये रोज आठ-नऊ हजार पावलं पडतात. घर ते स्टेशन बारा मिनिटं, गाडी बदलताना जिने, संध्याकाळी भाजी हातात धरून परत. चालायचं ठरवावं लागत नाही. जुळे सोलापुरात पहिल्या दिवशी अठराशे पडली. दुसऱ्या दिवशी मुद्दाम चालत सात रस्त्याकडे निघालो. फूटपाथ होता तिथे गाड्या लावलेल्या, नव्हता तिथे वाळूचा ढीग. शाळेतला मित्र गाडी थांबवून म्हणाला, "काय बे, चालत? गाडी बिघडली का?" मी नको नको म्हणत असताना बसवूनच घेतलं त्यानं. दूध कोपऱ्यावर मिळतं, चारशे पावलांवर. दादा त्यासाठी ॲक्टिवा काढतो. त्याला आळशी म्हणायला जीभ रेटत नाही. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पारा ४२-४३ ला टेकतो, तेव्हा मीही काढली असती.

आणि दहा हजार पावलांचं हे खूळ निघालं कुठून, तर जपानमधूनच. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर एका कंपनीनं पावलं मोजायचं यंत्र काढलं, नाव ठेवलं मानपोकेई, म्हणजे दहा हजार पावलांचं मोजयंत्र. आकडा ऐकायला छान, एवढंच. २०१९ मध्ये वयस्क अमेरिकन बायकांवरचा एक अभ्यास आला. त्यात दिवसाला ४,४०० पावलं चालणाऱ्यांतही २,७०० वाल्यांपेक्षा मृत्यूचं प्रमाण बरंच कमी दिसलं, आणि साधारण ७,५०० नंतर फायदा वाढायचा थांबला. म्हणजे अठराशेवाल्याला दहा हजारांची धास्ती घेण्याचं कारण नाही. आपल्याकडे तर जेवणानंतरच्या शंभर पावलांना शब्दच आहे, शतपावली. जेवणानंतर दहा मिनिटं पाय हलवले तरी साखर कमी उसळते, हे आता डॉक्टरही सांगतात.

जपान्यांचंही सगळं काही घेण्यासारखं नाही. रामेनच्या वाडग्यात मीठ इतकं, की रात्री उठून पाणी प्यावं लागतं. ऑफिसनंतरचं पिणं तर विचारूच नका. पण पोट दहातले आठ भाग भरलं की थांबायचं, ही त्यांची रीत मला आवडते. माझी आजी 'दोन घास कमी खावेत' म्हणायची, तेच हे. फरक इतकाच, की तिथे वाटी लहान असते आणि उठताना कुणी हात धरत नाही. आमच्याकडे दोन घास कमी म्हणणारी आजीच "माझ्यासाठी एक घे" म्हणून तिसरी भाकरी वाढायची.

भाकरीवरून आठवलं. मी बॅगेत दरवेळी कडक भाकरी आणि शेंगाचटणी आणतो. कडक भाकरी घाईनं खाताच येत नाही. तोडायची, चावायची, ताकाचा घोट घ्यायचा, एक संपवायला पंधरा मिनिटं. पोट भरल्याचं मेंदूला कळायला साधारण वीस मिनिटं लागतात म्हणतात, तेवढ्यात जेवण आपोआप आवरतं. चटणीचं मात्र जपून. शेंगदाणा आणि तेल, चमच्यामागून चमचा कधी गेला कळत नाही. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालंय, आणि आमच्याच घरात रात्री मैद्याची नान येते, तीही साडेदहाला. पूर्वी अप्पा साडेसातला ताटावर बसायचे. तेव्हा कुणाचीच साखर मोजलेली नव्हती हेही खरं, त्यामुळे जुनं सगळं चांगलं असं मी म्हणणार नाही.

निघायच्या आदल्या रात्री आम्ही आठला जेवलो. कुणी पक्ष काढला नाही. मग दादाला म्हटलं, चल, गल्लीच्या टोकापर्यंत. तो चपला शोधत बाहेर आला. दोन फेऱ्या झाल्या, तिसरीला समोरच्या काकू फाटकात येऊन उभ्या राहिल्या.

"काय रे पोरांनो, लाइट गेली का तुमच्याकडची?"