धोका आणि धाक

रात्री अडीचला भाचीचा फोन आला. "मावशी, पाळी चुकलीय. टेस्ट दोनदा केली." मग बराच वेळ ती गप्पच होती. शेवटी विचारलं, "गोळ्या घेतल्या तर पुन्हा कधीच दिवस राहत नाहीत, हे खरं आहे का गं?"

ती सव्वीस वर्षांची आहे, अजून लग्न झालेलं नाही. तिच्या आसपास डॉक्टर भरपूर, पण विचारायचं धाडस झालं ते इथे आयर्लंडमध्ये असलेल्या मावशीला.

तिला आधी खरं ते सांगितलं. नीट झालेल्या गर्भपातामुळे वंध्यत्व येत नाही. पहिल्या नऊ-दहा आठवड्यांत मिफेप्रिस्टोन आणि मिसोप्रोस्टॉल या दोन औषधांच्या गोळ्यांनी शंभरातल्या पंचाण्णवहून अधिक जणींचा गर्भपात पूर्ण होतो. उरलेल्यांना पुन्हा गोळ्या द्याव्या लागतात किंवा पिशवी साफ करावी लागते. तेही जुन्या पद्धतीच्या क्युरेटिंगने करू नये, हवेच्या दाबाने गर्भ ओढून घेणारी पद्धत वापरावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आठवडे वाढतात तसा धोका वाढतो. म्हणून लपवण्यात गेलेला प्रत्येक आठवडा मला भयंकर वाटतो.

गर्भ पिशवीऐवजी नळीत असेल तर या गोळ्या काहीच करत नाहीत. नळी फुटली तर जीव जाऊ शकतो. एका बाजूला सणकून दुखणं, चक्कर, खांद्यात कळ, यातलं काही झालं तर तडक दवाखाना गाठायचा. सलग दोन तास, दर तासाला दोन पॅड भिजतील इतकं अंगावरून जाणं, दिवसभर न उतरणारा ताप, घाण वास येणारा स्राव, ही लक्षणंही तशीच. उलट, गोळ्या घेऊन अंगावरून काहीच गेलं नाही तरी तपासायला जायचं. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील किंवा तांबी बसवलेली असेल तर ते डॉक्टरांना आधीच सांगायचं.

एवढं सांगायला दहा मिनिटं लागली. आपल्याकडे ही दहा मिनिटं कुणी देत नाही, याचा मला मनापासून राग येतो. एका अभ्यासाच्या अंदाजाप्रमाणे २०१५ साली भारतात १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले, त्यातले ७३ टक्के दवाखान्याबाहेर, गोळ्या घेऊन. मेडिकलवाल्याकडून पाकीट मिळतं, पण किती आठवडे झालेत, गर्भ कुठे आहे, हे कोण विचारणार?

दवाखान्याच्या भिंतीवर पाटी असते, 'गर्भलिंगनिदान हा गुन्हा आहे'. ती हवीच. पण ती वाचून कितीतरी जणी गर्भपातच गुन्हा समजतात. खरं तर गर्भपाताला परवानगी देणारा कायदा १९७१ पासून आहे. २०२१ च्या दुरुस्तीने काही गटांतल्या स्त्रियांसाठी मुदत २४ आठवड्यांपर्यंत गेली आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अविवाहितेलाही तोच हक्क असल्याचं सांगितलं. सज्ञान बाईला फक्त स्वतःची संमती पुरते.

कागदावर आयर्लंड मागे आहे. २०१२ मध्ये आपल्या भारतातल्या सविता हलप्पनवार इथल्या गॉलवे शहरात इस्पितळात वारल्या. सतरावा आठवडा होता, गर्भ वाचणार नव्हता. पण ठोके सुरू आहेत म्हणून गर्भपात नाकारला आणि जंतुसंसर्ग रक्तात भिनला. त्यानंतर २०१८ ला सार्वमत झालं. आता बारा आठवड्यांपर्यंत मुभा आहे, पण मध्ये तीन दिवस थांबावं लागतं. त्या तीन दिवसांचा वैद्यकीय उपयोग मला आजवर कळलेला नाही.

पण इथे 'माय ऑप्शन्स' नावाची सरकारी मोफत हेल्पलाइन आहे. गोळ्या घेतल्यावर मध्यरात्रीसुद्धा नर्स फोनवर येते आणि अंगावरून किती जातंय ते विचारते. कायद्यात आपण पुढे असूनही ही साधी सोय आपल्याकडे का नाही?

भाचीला पहिल्या दवाखान्यात सांगितलं, "आईला घेऊन ये." ती रडत परतली. दुसरीकडे सोनोग्राफी झाली. सहा आठवडे झाले होते आणि गर्भ पिशवीतच होता. डॉक्टरबाईंनी रक्तगट तपासला, लक्षणं समजावली आणि रात्री त्रास झाला तर कुठे फोन करायचा तो नंबर चिठ्ठीवर लिहून दिला. त्या चिठ्ठीचा फोटो तिने मला लगेच पाठवला.