‘त्यांना वेगळे वकील कशाला?’ या फॉरवर्डला उत्तर

ॲबोरिजिनल (इथल्या मूळ रहिवासी) लोकांचं सल्लागार मंडळ घटनेत आणावं का, या ऑक्टोबर २०२३ च्या सार्वमतापासून इथल्या, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या, मराठी व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर अधूनमधून डोकं वर काढतो. त्याचा आशय असा: गरिबांसाठी सरकारी लीगल एड, म्हणजे मोफत वकील, आहेच, मग ॲबोरिजिनल लोकांना त्यांच्याच माणसांनी चालवलेली वेगळी वकिली सेवा कशाला? हा उलटा वंशभेद आहे, गुन्हेगारांना सोडवायची सोय आहे आणि आपल्या टॅक्सचा चुराडा आहे.

‘लीगल एड होतंच की.’ इथे क्रमच उलटा लागलाय. सिडनीच्या रेडफर्नमध्ये पोलीस ॲबोरिजिनल माणसांना पबमधून, रस्त्यावरून सर्रास उचलत. पॉल को, गॅरी फोली ही तेव्हाची विशी-बाविशीतली ॲबोरिजिनल पोरं. पोलिसांच्या वागण्याच्या नोंदी ठेवायला लागली, वकील शोधायला लागली. न्यू साउथ वेल्स विद्यापीठातले कायद्याचे प्राध्यापक हॅल वूटन मदतीला आले, काही वकील फुकट उभे राहिले, आणि १९७० मध्ये ॲबोरिजिनल लीगल सर्व्हिस सुरू झाली. केंद्र सरकारचं लीगल एड ऑफिस आलं १९७३ साली. म्हणजे ही वेगळी चूल मांडली तेव्हा सामाईक चूल धड पेटलीही नव्हती.

बरं, आज पेटली आहे. तरी वकील म्हणजे नुसता कायद्याचा जाणकार नव्हे. पोलिसांनी विचारलं ‘तू तिथे होतास ना?’ की ‘हो’ म्हणून मोकळं व्हायचं, प्रश्न कळो न कळो, ही ॲबोरिजिनल आरोपींची सवय उत्तरेकडच्या न्यायालयांना चांगली ठाऊक आहे. नॉर्दर्न टेरिटरीच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्येच अनुंगा खटल्यात दुभाषा हवा, सोबत ओळखीचं माणूस हवं, असे दंडक घालून दिले. तरीही पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या ब्रूमच्या एका प्रकरणात, इंग्रजी जेमतेम समजणाऱ्या वाळवंटी भागातल्या तरुणाने मनुष्यवधाचा गुन्हा कबूल केला. ती शिक्षा २०१७ मध्ये रद्द झाली, तोवर त्याची काही वर्षं तुरुंगात गेली होती. त्या माणसाची भाषा, नातीगोती आणि गप्प राहण्याचा अर्थ कळणारा फील्ड ऑफिसर (या सेवेतला वकिलाचा मदतनीस) शेजारी असणं ही चैन नाही.

‘वंशभेद.’ याला फार वेळ नको. ऑस्ट्रेलियाच्या १९७५ च्या वंशभेदविरोधी कायद्यातच अशा विशेष उपायांना जागा आहे. आणि आपल्याकडचा १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा? कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तीला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. त्याबद्दल या ग्रुपवर कधी फॉरवर्ड आलेला मला आठवत नाही.

‘गुन्हेगारांना सोडवतात.’ इथे मात्र थांबायला हवं. ॲबोरिजिनल लोकांच्या कोठडीतल्या ९९ मृत्यूंची चौकशी करून रॉयल कमिशनने, म्हणजे सरकारी चौकशी आयोगाने, १९९१ मध्ये ३३९ शिफारशी केल्या. ॲबोरिजिनल माणूस कोठडीत घेतला की त्यांच्या लीगल सर्व्हिसला कळवा, हे त्यांतलंच. न्यू साउथ वेल्समध्ये २००० पासून असा चोवीस तासांचा फोन चालतो. रात्री तीनला वकील विचारतो: दुखतंय का, औषध चालू आहे का, जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतंय का? यात कोण सुटलं? २०१६ मध्ये मेटलंडच्या पोलीस कोठडीत एक ॲबोरिजिनल महिला दगावली. तिला अटक नव्हती, नशेत म्हणून ठेवलं होतं. त्यामुळे तो फोन केलाच गेला नाही. पुढे नियम वाढवून अशा लोकांनाही त्यात घेतलं. एकूण लोकसंख्येत चार टक्क्यांहून कमी आणि कैद्यांत सुमारे एक तृतीयांश, असं प्रमाण असताना ‘सोडवतात’ हा आरोप करायला धाडसच लागतं.

उरला पैसा. सार्वजनिक निधीचा हिशेब मागावा, जरूर मागावा. या संस्थांच्या कारभारावरही टीका झाली आहे, आणि काही टीका रास्त होती. पण उधळपट्टी? कौटुंबिक हिंसेतल्या बायकांसाठी वेगळ्या सेवा काढाव्या लागल्या, कारण नवऱ्याचा वकील आणि बायकोचा वकील एकाच कचेरीतला चालत नाही. त्यांनाही निधीसाठी झगडावं लागतं. २०२३ च्या अखेरीस तर नॉर्दर्न टेरिटरीतल्या ॲलिस स्प्रिंग्समध्ये वकीलच पुरेनात, म्हणून तिथल्या ॲबोरिजिनल संस्थेला नवे फौजदारी खटले घेणं थांबवावं लागलं. त्या आठवड्यांत कितीतरी आरोपी वकिलाविना न्यायाधीशासमोर उभे राहिले, आणि काही तसेच तुरुंगात गेले.