पेशी मरोत, आकडा वाढो

पेशीशास्त्रात नाव काढायचं ठरवलंय ना? मग आधी सूक्ष्मदर्शकाचा नाद सोडा. त्याला डोळा लावून तासन्‌तास बसलं की मान धरते, एच-इंडेक्स, म्हणजे संशोधकाचं वजन सांगणारा आकडा, मात्र जागचा हलत नाही. हॉर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञानं 2005 मध्ये हा आकडा शोधून सगळ्यांची सोय केली. तुमच्या 20 पेपरांना प्रत्येकी निदान 20 सायटेशन्स (म्हणजे पुढच्या पेपरांत संदर्भ म्हणून उल्लेख) मिळाली की तुम्ही वीस. विसावा पेपर कशावर होता, हे कोणी विचारत नाही. तुम्हाला आठवत नसलं तरी चालतं.

दुसरं म्हणजे, शोध लावू नका, लोकांना पद्धत द्या. लॉरी आणि मंडळींनी 1951 मध्ये प्रथिनं मोजायची रीत छापली. द्रावण निळं होतं, जितका रंग गडद तितकं प्रथिन जास्त, बस्स. त्या निबंधाची सायटेशन्स तीन लाखांच्या वर गेली. डीएनएचा दुहेरी सर्पिल उलगडणारा 1953 चा निबंध? 2014 मध्ये सर्वाधिक सायटेशन्सवाल्या शंभर निबंधांची यादी निघाली, तिच्यात त्याला जागाच नव्हती. जीवनाचं रहस्य वगैरे ठीक आहे हो, पण ते काही रोज सकाळी लॅबमध्ये लागत नाही.

पद्धत सुचत नसेल तर सुरी घ्या. एका प्रयोगातून एक पेपर काढणारा माणूस संसारी नव्हे. प्रथिन कुठे असतं हा एक, ते काढून घेतलं तर काय होतं हा दुसरा, आणि ‘काय होतं ते नीटसं कळलं नाही’ हा तिसरा. तिसऱ्यात पहिल्या दोघांचा उल्लेख करायला विसरू नका. मित्रांनाही त्यांच्या पेपरांत तुमची आठवण करायला सांगा. उंटाच्या लग्नात गाढवानं गायचं, ‘अहो रूपम्, अहो ध्वनिः’. रिव्ह्यूअर म्हणून, म्हणजे छापण्याआधी दुसऱ्याचा पेपर तपासायला, बोलावणं आलं तर लेखकाला प्रेमानं सुचवा, की अमुक पाच संदर्भ राहून गेलेत. पाचही तुमचे. नाव गुप्त असतं म्हणून त्याला कळत नाही, असं आपण समजायचं.

पेशी कोणत्या वापरता याची फार चिकित्सा नको. गर्भाशयमुखाच्या कर्करोगातून काढलेल्या हेला पेशी 1951 पासून प्रयोगशाळांत वाढताहेत आणि त्यांना दुसऱ्याच्या बशीत शिरायची खोड आहे. घशाच्या म्हणून पाळलेल्या पेशी तपासल्यावर गर्भाशयमुखाच्या निघतात. 2017 च्या एका पाहणीत अशा चुकीच्या नावाच्या पेशींवरचे 32,755 निबंध सापडले. ते पुढे ज्यांनी उद्धृत केले त्यांची संख्या लाखांत. म्हणजे पेशी भलतीच असली तरी सायटेशन अस्सलच! डीएनए तपासून ओळख पटवण्यात वेळ कशाला घालवायचा?

वेस्टर्न ब्लॉटचंही, म्हणजे प्रथिनं पट्ट्यांच्या रूपात दाखवणाऱ्या चाचणीचंही, तसंच. एकच पट्टी आडवी उलटवून दुसऱ्या चित्रात बसवण्याचा मोह झालाच, तर तुम्ही एकटे नाही. 2016 मध्ये 20,621 पेपरांची चित्रं नुसत्या डोळ्यांनी तपासली गेली, तेव्हा शंभरातल्या साधारण चारांत अशी पुनरावृत्ती दिसली. त्यातल्या काही निव्वळ गफलती असतील. तुमचीही गफलतच.

तत्त्वांचं काय म्हणता? ती हवीतच. इम्पॅक्ट फॅक्टरवरून (जर्नलमधल्या निबंधांना सरासरी किती सायटेशन्स मिळतात त्या आकड्यावरून) माणूस जोखू नका, असा जाहीरनामा 2012 मध्ये पेशीशास्त्रज्ञांच्याच सॅन फ्रान्सिस्कोच्या बैठकीत आकाराला आला. त्यावर सही ठोका. मग बायोडेटात प्रत्येक जर्नलपुढे इम्पॅक्ट फॅक्टर लिहा. (हा आकडा पूर्वी तीन दशांश स्थळांपर्यंत छापत, आता एकच. केवढा हा अन्याय!)

जपानी पेशीशास्त्रज्ञ योशिनोरी ओसुमींचा कित्ता मात्र गिरवू नका. 1988 मध्ये त्यांनी स्वतःची छोटी लॅब थाटली आणि यीस्टच्या पेशी उपाशी ठेवून त्यांच्या रिक्तिकेत, म्हणजे पेशीतल्या पचनाच्या पिशवीत, काय होतं ते पाहत बसले. काही तासांत रिक्तिका पुटिकांनी, म्हणजे बारीक पिशव्यांनी, भरून गेली. पेशी स्वतःचेच तुकडे पचवायला नेत होती. नोबेल मिळालं 2016 मध्ये. 28 वर्षं! तेवढ्यात तुमची चार मूल्यमापनं होऊन तुम्ही घरी बसला असता.

तेव्हा रोज सकाळी आधी प्रोफाइल उघडा. काल सायटेशन्स 1,412 होती, आज 1,413. हे नवं सायटेशन कुणाचं ते बघा. तुमचंच आहे, गेल्या महिन्यातलं. असू द्या. आणि जाता जाता इन्क्युबेटरचं दार उघडलंत तर दचकू नका. शुक्रवारी गुलाबी असलेलं पेशींचं पोषक माध्यम पिवळंजर्द झालंय आणि पेशी तळ सोडून तरंगताहेत. पोस्टडॉकला (हाताखालच्या पीएचडी झालेल्या संशोधकाला) सांगा, ‘उपासमारीचा परिणाम’ म्हणून फोटो काढून ठेव.