आयझॉल वर आलं, कारण खाली लीग होती

ऑगस्ट २०२५मध्ये खालिद जमील भारतीय फुटबॉल संघाचा प्रशिक्षक झाला आणि बऱ्याच काळानंतर मिझोरामच्या आयझॉल एफसीचं नाव लोकांच्या तोंडी आलं. आलं, पण 'चमत्कार' म्हणून. परीकथा काय, इंग्लंडची लीग अनपेक्षितपणे जिंकलेल्या लेस्टर सिटीसारखं 'भारताचं लेस्टर सिटी' काय. २०१७ साली खालिदच्या हाताखाली या क्लबनं आय-लीग, म्हणजे तेव्हाची देशाची सर्वोच्च लीग, जिंकली तेव्हाही हेच चाललं होतं आणि मला ते तेव्हाही खटकलं होतं. एकदा चमत्कार म्हणून मोकळं झालं की तो कुणी घडवला, कसा घडवला, हे विचारायचं कारणच उरत नाही. आणि आपण महाराष्ट्रातल्या फुटबॉलवेड्यांनी तर ते विचारायलाच हवं. म्हणून आज जरा सविस्तर लिहितोय.

आधी थोडी हकीकत, कारण बऱ्याच जणांना ती अर्धवटच माहीत असते.

आयझॉल एफसी हा १९८४ सालचा क्लब. २०१५मध्ये आय-लीगची सेकंड डिव्हिजन जिंकून तो वर आला. आय-लीगमध्ये खेळणारा मिझोरामचा पहिला संघ. पहिल्या हंगामात नऊ संघांत आठवा आला. नववा, म्हणजे सगळ्यात शेवटचा, होता आपल्या पुण्याचा डीएसके शिवाजियन्स. आता खाली कोण जायला हवं? पण शिवाजियन्स कंपनीच्या बळावर थेट आय-लीगमध्ये घेतलेला संघ होता आणि त्या प्रवेशाच्या अटींनुसार त्याला खाली ढकलता येत नव्हतं. म्हणून खालून खेळत, जिंकत वर आलेला आयझॉल पुन्हा खाली गेला. नियमात बसत होतं सगळं. पण एका नियमापायी मैदानावरचा निकाल बाजूला पडला, याची चीड मला आजही येते.

त्याच उन्हाळ्यात याच संघानं फेडरेशन कपमध्ये बंगळुरू एफसीला घरी पाठवलं. तेच बंगळुरू, जे नुकतेच आय-लीग विजेते झाले होते. आयझॉल थेट फायनलला गेलं. गुवाहाटीत मोहन बागाननं पाच गोल घालून धुऊन काढलं, ती गोष्ट वेगळी. पुढे गोव्याचे क्लब राष्ट्रीय फुटबॉल फेडरेशनच्या धोरणावर नाराज होऊन लीगमधून बाहेर पडले, जागा रिकामी झाली आणि आयझॉलला परत बोलावलं गेलं. हे नशीबच, मान्य. पण नशिबानं मिळाली ती जागा. १८ सामन्यांतले ३७ गुण नशिबानं मिळत नसतात.

खालिद जमील मुंबई एफसीतून नुकताच बाहेर पडला होता. सात वर्षं त्यानं तो संघ तुटपुंज्या साधनांवर लीगमध्ये टिकवून ठेवला होता. आयझॉलला जाताना मुंबईचे जयेश राणे आणि आशुतोष मेहता यांना त्यानं सोबत नेलं. गोलमध्ये गोव्याचा अल्बिनो गोम्स, मधल्या फळीत सीरियाचा अल-अमना आणि लायबेरियाचा आल्फ्रेड जर्यान, पुढे आयव्हरी कोस्टचा कामो बायी. बाकी बहुतेक सगळी मिझो पोरं, गल्लीगल्लीत ओळखली जाणारी.

२२ एप्रिल २०१७. आयझॉलच्या राजीव गांधी स्टेडियममध्ये मोहन बागानशी सामना. दोघांचेही ३३ गुण, दोघांचेही दोनच सामने उरलेले. हे मैदान डोंगराच्या अंगावर आहे, प्रेक्षकांच्या गर्दीच्या मागे थेट हिरव्या टेकड्या दिसतात. बागानच्या ताफ्यात जेजे लालपेखलुआ होता, म्हणजे मिझोरामचा सगळ्यात लाडका फुटबॉलपटू पाहुण्यांच्या बाजूचा. ऐंशी मिनिटं झाली तरी गोल नाही. ८३व्या मिनिटाला बचावपटू झोमिंगलियाना राल्टे पुढे आला आणि त्यानं हेडरनं बॉल आत घातला. १-०.

आठ दिवसांनी शिलाँगला शेवटचा सामना. समोर शिलाँग लाजाँग. बरोबरी झाली तरी पुरे, पण नवव्याच मिनिटाला लाजाँगच्या दिपांदा डिकानं गोल केला. तिकडे कोलकात्यात बागान आपला सामना जिंकण्याच्या वाटेवर. पहिला हाफ संपला तेव्हा आयझॉल मागेच होतं. अखेर ६७व्या मिनिटाला विल्यम लालनुनफेलानं गोल फेडला. त्यानंतरची तेवीस-चोवीस मिनिटं मी कधी विसरणार नाही. बॉल आयझॉलच्या पेनल्टी एरियाकडे वळला की पोटात गोळा यायचा. १-१ वर शिट्टी वाजली. आयझॉल ३७, बागान ३६. ईशान्य भारतातला क्लब पहिल्यांदाच देशाचा विजेता झाला.

आता मूळ मुद्द्यावर येतो. हे झालं कसं?

२०११च्या जनगणनेनुसार अख्ख्या मिझोरामची लोकसंख्या अकरा लाखांच्या आत-बाहेर. आपल्याकडच्या एखाद्या मध्यम शहराएवढी. मोठे उद्योग नाहीत. २०१२ सालापर्यंत तिथली गुणी पोरं बाहेरच जायची. शायलो मालसॉमत्लुआंगा जमशेदपूरच्या टाटा अकादमीत घडला आणि कोलकात्यात ईस्ट बंगालकडून गाजला. आपलं पोरगं मोठं झालेलं बघायचं तर दुसऱ्याच्या जर्सीत बघायचं, अशी स्थिती.

२०१२मध्ये मिझोराम फुटबॉल असोसिएशननं मिझोराम प्रीमियर लीग सुरू केली. माझ्या मते २०१७च्या विजेतेपदाचा पाया तिथे पडला. लीगमधले संघ वस्त्यांचे. चानमारी, दिंथार, छिंगा वेंग, ही आयझॉलमधल्या वस्त्यांचीच नावं. तिथे यंग मिझो असोसिएशनच्या शाखा वस्तीवस्तीत आहेत, कुणाच्या घरी मयत झालं तरी आणि रस्ता साफ करायचा असला तरी शाखेची पोरं हजर असतात. अशा समाजात वस्तीचा संघ म्हणजे घरचाच. माणसं आपणहून येतात, तिकीट काढतात, पोरांच्या बुटांची चौकशी करतात.

आणि त्यांनी एक फार शहाणपणाची गोष्ट केली. लीगचे सामने झोनेट या स्थानिक केबल वाहिनीवर दाखवायला सुरुवात केली. विचार करा, अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा, संध्याकाळी त्याचा सामना घराघरात दिसतोय, दुसऱ्या दिवशी बाजारात चार माणसं त्याला ओळखतायत, काल चुकलेल्या पासाबद्दल एखादे काका बोलही लावतायत. त्या पोराला पुढे कोलकात्याच्या प्रेक्षकांची भीती कशाला वाटेल? वाहिनीला कार्यक्रम मिळाला, असोसिएशनला पैसा मिळाला, खेळाडूला ओळख मिळाली. यात दिल्लीची किंवा मुंबईची कुणाचीही परवानगी लागली नाही.

पुढचा क्रम बघा. लीग २०१२ला सुरू. २०१४ला मिझोरामनं राज्यांच्या संघांची संतोष ट्रॉफी जिंकली, फायनलला रेल्वेला ३-०नं हरवून. २०१५ला आयझॉल आय-लीगमध्ये. २०१७ला विजेता. पाच वर्षांत! क्लबचे मालक रॉबर्ट रॉयटे यांनी पैसा घातला, जिद्द धरली, त्याचं श्रेय त्यांना आहेच. खालिदचंही आहेच, त्याच्याइतका काटेकोर बचाव बसवणारे कोच आपल्याकडे थोडे. पण लीगमध्ये तावून सुलाखून निघालेली वीस-पंचवीस पोरं हाताशी नसती तर त्या दोघांनी काय केलं असतं?

आता आपल्याकडे वळू. ही यादी लिहिताना वाईट वाटतं. महिंद्रा युनायटेड, २००५-०६चा राष्ट्रीय लीग विजेता, २०१०मध्ये बंद. पुणे एफसी, ज्यांच्या अकादमीचं देशभर नाव होतं, २०१५मध्ये आवरतं घेतलं. भारत एफसी, पुण्याचाच, एक हंगाम खेळून गायब. मुंबई एफसी २०१७मध्ये तळाला जाऊन खाली गेला आणि संपला. ज्या हंगामात त्यांचा जुना कोच आयझॉलला चषक उचलत होता, त्याच हंगामात. डीएसके शिवाजियन्स, ज्याला नियमानं वाचवलं होतं, तोही २०१७लाच गेला. एफसी पुणे सिटी आयएसएलमध्ये, म्हणजे इंडियन सुपर लीग या फ्रँचायझींच्या लीगमध्ये होता, तोही २०१९ला गुंडाळला आणि ती जागा हैदराबादला गेली.

यातल्या एकाही क्लबला आयझॉलपेक्षा कमी पैसा मिळाला असं मला वाटत नाही. चांगले कोच होते, चांगले परदेशी खेळाडू होते. सामने बघायला मीही जायचो आणि मनापासून ओरडायचो. पण हे सगळे क्लब वरून आले. कंपनीनं ठरवलं म्हणून सुरू झाले, कंपनीनं ठरवलं म्हणून बंद झाले. बंद झाले तेव्हा पुण्यात किंवा अंधेरीत माणसं रस्त्यावर आली नाहीत. कशी येणार? क्लब आणि पोरं खेळतात ते मैदान यांच्यामध्ये काही नव्हतंच. पोरं शाळेच्या स्पर्धा खेळायची आणि मग थेट टीव्हीवर मँचेस्टर युनायटेड.

मधलं जे असायला हवं ते महाराष्ट्रात एका ठिकाणी आहे, कोल्हापुरात. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहारची मॅच बघितली नसेल तर एकदा बघाच. तालमीचे संघ, पेठेचा अभिमान, दगडी पायऱ्यांवर ऊन खात बसलेली आजोबांपासून नातवांपर्यंत तीन पिढ्या, तिकीट काढून आलेली. प्रॅक्टिस, शिवाजी, खंडोबा, बालगोपाल, नुसती नावं घेतली तरी वाद सुरू होतो. नायजेरियाचे खेळाडू येऊन पेठेत राहतात आणि पोरं त्यांना नावानं हाक मारतात. २०१७च्या अंडर-१७ वर्ल्डकपमध्ये भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच कोल्हापूरचा. चानमारीत जे आहे ते सगळं इथे आहे. काही बाबतींत जास्तच आहे.

मग देशाच्या लीगमध्ये कोल्हापूर कुठे आहे? अनिकेतला मोठं व्हायला बाहेरच जावं लागलं, शायलोसारखं. मिझोरामनं जी गोष्ट २०१२ला मागे टाकली तिथे आपण अजून उभे आहोत.

हुल्लडबाजीचं कारण लगेच पुढे केलं जाईल. खरं आहे ते. मैदानावर बाटल्या पडतात, मारामाऱ्या होतात, सामने थांबतात, आणि त्याचं समर्थन मी करणार नाही. पण माझं असं मत आहे की पेठेच्या पलीकडे जिंकायला काही नाही म्हणूनही सगळी रग पेठेवरच निघते. शेजारच्या तालमीचा स्ट्रायकर आणि आपला गोलकीपर मिळून उद्या गोव्याच्या संघाशी खेळणार आहेत हे माहीत असेल तर त्याच्यावर बाटली उगारणारा हात थोडा तरी थांबेल.

आयझॉलचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं, कारण ते गोड नाही. विजेतेपदाला दोन महिने झाले नाहीत तोवर आयएसएलला देशाची पहिली लीग करण्याच्या हालचालींना वेग आला आणि देशाचा विजेता खाली ढकलला जाणार अशी चिन्हं दिसू लागली. क्लबनं आमरण उपोषणाचा इशारा दिला. शेवटी दोन्ही लीग समांतर चालवायचं ठरलं. नावाला आयझॉल वरच्या लीगमध्ये राहिलं, पण पैसा आणि प्रसिद्धी आयएसएलकडे गेली. संघ पांगला. खालिद आणि अल-अमना ईस्ट बंगालला, राणे आणि मेहता कोलकात्याच्या एटीकेला, लालरुआथारा केरला ब्लास्टर्सला. जानेवारी २०१८मध्ये क्लब आशियाई चॅम्पियन्स लीगच्या पात्रता फेरीसाठी इराणला गेला आणि झोब आहानकडून १-३ हरला. आयझॉलसारख्या शहराचा संघ इराणमध्ये आशियाई पातळीवर गोल करून आला आणि आपल्या पेपरांत त्याला चार ओळीसुद्धा धड मिळाल्या नाहीत.

आय-लीग जिंकून वर जायची वाट उघडली ती २०२३ला, पंजाब एफसीसाठी. सहा वर्षं उशिरा. २०१७मध्ये ती उघडी असती तर काय झालं असतं याचा विचार केला की जीव हळहळतो.

तरीही आयझॉल एफसी आज उभा आहे. पुन्हा विजेता झाला नाही, पण बंदही पडला नाही. खेळाडू गेले तर वस्त्यांमधून नवे आले. डीएसके, मुंबई एफसी, पुणे सिटी यांच्या बाबतीत हे म्हणता येत नाही.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. महाराष्ट्राला पुन्हा व्यावसायिक क्लब हवा असेल तर तो मुंबईतल्या एखाद्या कंपनीच्या ऑफिसात शोधू नका. तालमींनी आपापले संघ जसे आहेत तसे ठेवावेत, पेठेची चुरस तशीच राहू दे. पण केएसए, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या लीगचे सामने नियमित, चांगल्या कॅमेऱ्यांनी आणि मराठी कॉमेंट्रीसह दाखवायला हवेत, आता तर केबलवाल्याचीही गरज नाही. प्रत्येक तालमीनं वयोगटाचे संघ ठेवलेच पाहिजेत अशी अट घालावी. आणि हंगाम संपला की सगळ्या तालमींनी मिळून कोल्हापूरच्या नावानं एक संघ उभा करावा आणि राज्य संघटनेमार्फत राष्ट्रीय लीगच्या सगळ्यात खालच्या डिव्हिजनसाठी अर्ज करावा. मालकी तालमींची, शहरातल्या व्यापाऱ्यांची, आणि हजार-दोन हजार रुपये घालणाऱ्या साध्या प्रेक्षकांचीही. पहिली दोन-तीन वर्षं हरू. हरकत नाही, आयझॉलही पहिल्याच वर्षी खाली गेलं होतं.

तालमींच्या पदाधिकाऱ्यांपैकी कुणी हे वाचत असाल तर कृपा करून बैठकीत हा विषय काढा. वर्गणीची पावती फाडाल त्या दिवशी पहिलं नाव माझं लिहा.